कोठीतली डाळ

आमच्याकडं लातूरला पाहुण्याला आग्रह होतो तो भाकरीचा. "अर्धी तरी घ्या, बरं चतकोर घ्या," म्हणत बाई ताटात भाकरी टाकते आणि पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरतो. वरणाचा आग्रह झालाच तर तो भाकरी कोरडी लागू नये म्हणून. कोण किती जेवलं ते भाकरीवर मोजायचं. बाळंतिणीची भूक भाकरीवर, सालगड्याची ताकद भाकरीवर, म्हाताऱ्या माणसाची तब्येतही भाकरीवर. "मामा आताशा एकच भाकर खायलेत," असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. मामांनी कालवण किती घेतलं, दूध घेतलं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

या सवयीला मी नावं ठेवणार नाही, कारण तिच्यामागचा इतिहास माझ्याच घरात बसलेला आहे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीची, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर त्या पिढीनं ते वर्ष काढलं. मिलोच्या भाकरीची चव आत्या अजून सांगतात, आणि सांगताना तोंड वाकडं करतात. ज्या माणसानं भाकरीसाठी दगड फोडलेत त्याला पोट भरणं म्हणजे भाकरी, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या कणगीत ज्वारी आहे, ही खात्री त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी होती. डाळ ही त्या भाकरीला ओल देणारी गोष्ट.

पण ती भाकरी जिरवणारं कामही तेव्हा होतं. औताच्या मागं दिवसभर चालणं, विहिरीचं पाणी शेंदणं, जात्यावरचं दळण, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या. चार भाकऱ्या खाल्लेला माणूस संध्याकाळपर्यंत त्यातली शेवटची चतकोरही वापरून टाकायचा. आज आमच्या गल्लीत कुणी बँकेत आहे, कुणाचं मोबाईलचं दुकान आहे, कुणी माझ्यासारखं शाळेत आहे. गावाकडंही पेरणी ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर आणि शेतापर्यंत जाणं मोटारसायकलवर. भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या, वर सकाळचे पोहे किंवा मुरमुऱ्याची सुशीला, चारचा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेले बेकरीचे बटर, रात्री भात, हेही आलं. दिवसभरात पाच-सहा वेळा खाणं होतं आणि त्यातलं बहुतेक पिष्ट, म्हणजे कार्ब्ज, असतं. मग पोट पुढं, दंड बारीक, आणि चाळिशीतच हातात शुगरचा रिपोर्ट. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, तेव्हा देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, असं चित्र निघालं. हा आजार शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही. आमच्या शाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या तरण्या बायांच्या पर्समध्येही आता गोळ्यांची पाकिटं दिसतात.

प्रोटीन वाढवा, कार्ब्ज कमी करा, असं हल्ली जो तो सांगतो. मोबाईल उघडला की कुणीतरी अॅव्होकाडो कापत असतो. ते बघून आमच्या बाया म्हणतात, हे आपल्याला जमणारं नाही. मला वाटतं, ते जमायची गरजही नाही. आपलं उत्तर आपल्या कोठीत आहे, आणि ते ग्रॅमच्या तक्त्यात शोधण्याआधी महिन्याच्या किराणात शोधावं.

मला ही दिशा शाळेच्या खिचडीनं दाखवली. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेलं असतं; सहावी ते आठवीला 150 आणि 30. म्हणजे धान्य पाच वाटे तर डाळ एक वाटा. एकदा साठ्याच्या नोंदी लिहिताना मनात आलं, की सरकारनं गरिबाच्या लेकराच्या एका जेवणासाठी पाचाला एक हे प्रमाण धरलंय, तर आपल्या घरी काय आहे? घरी येऊन किराणाची वही काढली. आम्ही पाच माणसं. ज्वारी, गहू, तांदूळ मिळून महिन्याला साधारण चाळीस किलो. तूर, मूग, हरभऱ्याची डाळ, मटकी, बेसन सगळं एकत्र केलं तरी चार किलोच्या आसपास. दहाला एक.

आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं काय आहे? त्यांच्या दिवसभराच्या आदर्श ताटात, दोन हजार कॅलरींच्या हिशोबानं, 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. तीनाला एक. सोबत 400 ग्रॅम भाज्या, 300 मिलि दूध किंवा दही आणि मूठभर दाणे-तेलबिया. जे मांसाहार करतात त्यांनी त्या डाळीतला काही वाटा अंडी-मासे-मटणातून घ्यावा. एकूण कॅलरींपैकी धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त येऊ नयेत, असं त्यांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पाच माणसांच्या घराचा महिन्याचा हिशोब मांडला तर डाळ-कडधान्य होतं बारा किलोच्या पुढं. लेकरांचं जरा कमी धरा, दहा म्हणा. आमच्याकडं चार. आणि आम्ही बरे खातेपिते लोक.

हे मी शेजारच्या वहिनींना सांगितलं, तर त्यांना आधी पटलंच नाही. "बारा किलो डाळ? एका महिन्यात? लग्न आहे का घरात?" मग त्यांनी स्वतःचा हिशोब केला. त्यांच्याकडं रेशनचा गहू-तांदूळ येतो. अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला 5 किलो धान्य, आणि 2023 पासून ते फुकट आहे. त्या धान्यानं घराला मोठा आधार दिलाय, याबद्दल दुमत नाही. पण धान्य फुकट आणि डाळ विकतची, अशी स्थिती असली की ताट आपोआप धान्याकडं कलतं. वरणात पाणी वाढतं, भात वाढतो. 2015 च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती. त्या वर्षी आमच्याकडं दुष्काळही होता. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत घराघरांतलं वरण पातळ झालं. नंतर भाव उतरले, पण वरण पुन्हा घट्ट झालं नाही. सवय लागली.

इथं ज्वारीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ज्वारीत प्रोटीन आहे, शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास. बाजरीत थोडं जास्त, गव्हात तेवढंच, तांदळात आठेक. पंच्याहत्तर ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर एकीत सात ग्रॅम. पण तिच्यासोबत पन्नास ग्रॅम पिष्ट येतं, ते वेगळं. शिवाय धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमी पडतं, आणि ज्वारीचं प्रोटीन शिजवल्यावर पचायला जरा जड होतं. डाळींमध्ये लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, जो धान्यात बरा असतो. म्हणून भाकरी-वरण ही जोडी शहाणी आहे. दोघांनी एकमेकांची उणीव भरायची. पण त्यासाठी वरणात डाळ असावी लागते. पंधरा ग्रॅम डाळीच्या पिवळ्या पाण्यातून तीनच ग्रॅम मिळतात. तीच वाटी चाळीस ग्रॅम डाळीची केली की नऊ. बाईनं पातेल्यात माणशी एक मूठ जास्त टाकायची, एवढाच फरक.

प्रोटीनची रोजची गरज किती, तर वजनाच्या किलोमागं 0.83 ग्रॅम. पंचावन्न किलोच्या बाईला सेहेचाळीस ग्रॅम, पासष्ट किलोच्या माणसाला चौपन्न. हा आकडा डोंगराएवढा नाही. रोज दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं वाढवलं की गाठता येतो.

आणि भाकरीबद्दल आणखी एक समजूत आहे, तिच्यावर बोलायलाच हवं, कारण आमच्याकडच्या शुगरच्या पेशंटांचा तिच्यावर फार भरवसा. "चपाती सोडली, जवारी धरली, आता काय बी व्हत नाही." चपातीपेक्षा भाकरी बरी, यात वाद नाही, चोथा आहे, सावकाश पचते. पण इंडियाबचंच 2025 साली प्रसिद्ध झालेलं विश्लेषण सांगतं की भारतीयांच्या कॅलरींपैकी 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. धोका कमी दिसतो तो त्यातलं थोडं पिष्ट काढून तिथं डाळींचं किंवा दुधादह्याचं प्रोटीन आणलं तर. म्हणजे चार चपात्यांच्या जागी चार भाकऱ्या करून भागत नाही. चाराच्या दोन करायच्या आणि रिकाम्या जागेत उसळ वाढायची.

आमच्या घरी हे कसं बसलं ते सांगते. आत्यांना "भाकरी कमी करा" म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. बाहत्तर साल बघितलेल्या बाईला जेवणात कमी हा शब्द ऐकवायचा नसतो. मी वाढायचा क्रम बदलला. ताटात आधी वाटीभर घट्ट उसळ आणि काकडी-मुळ्याची कोशिंबीर किंवा पालेभाजी. ती अर्धी संपली की मग गरम भाकरी. भाजी आणि प्रोटीन आधी, पिष्ट नंतर, असं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे तपासून बघितलेलं आहे. शिवाय प्रोटीननं पोट लवकर आणि जास्त वेळ भरलेलं राहतं. आत्या आधी म्हणाल्या, "असं रिकामं कालवण खाऊन पोट भरतंय व्हय?" मग हळूहळू दुसरी भाकरी अर्धी उरायला लागली. ती अर्धी भाकरी सकाळी दह्यात कुस्करून लसूण-तिखटाची फोडणी घातली की न्याहारीच होते.

आत्यांच्या शुगरच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळं हे सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. ही पायरी कुणी गाळू नये. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भाकरी-भात एकदम तोडला तर साखर घसरून चक्कर येऊ शकते. डोस बदलावा लागतो. आणि ज्यांच्या किडनीला त्रास आहे त्यांनी डाळी-अंडी स्वतःच्या मनानं वाढवू नयेत. त्यांच्यासाठी हिशोबच वेगळा असतो.

म्हाताऱ्या माणसांबद्दल मला जास्त कळकळ आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, साठीनंतर वेगानं. आत्यांच्या वयाच्या कितीतरी बाया जमिनीवरून उठताना आधी एक हात टेकतात, मग भिंत धरतात, आणि सगळे म्हणतात गुडघे गेले. गुडघे गेलेले असतातच, पण मांड्याही गेलेल्या असतात. तोंडात दात नाहीत म्हणून त्यांना दूध-भाकरी, मऊ भात, चहा-खारी असं दिलं जातं. म्हणजे ज्या वयात प्रोटीन जास्त लागतं त्या वयात ते सगळ्यात कमी. मुगाच्या डाळीचं मऊ धिरडं, ताकातलं पिठलं, फेटलेलं दही, मऊ उकडलेलं अंडं, हुलग्याचं माडगं, यातलं काहीही दात नसताना खाता येतं.

हुलगा हे आमचं विसरलेलं धन आहे. कोकणातले लोक कुळीथ म्हणतात ते. हलक्या रानात, कमी पाण्यावर येतो आणि शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतो. माझी माय पावसाळ्याच्या झडीत शेंगोळे करायची. हुलग्याच्या पिठात लसूण-जिरं वाटून, हळद, तिखट, मीठ, बांधणीपुरतं मूठभर ज्वारीचं पीठ. घट्ट मळायचं आणि तळहाताला तेल लावून एकेक गोळी दोन हातांत वळायची. वळता वळता तिची करंगळीएवढी लांब, टोकाला निमुळती वळी होते. ती वाकवून दोन्ही टोकं जुळवली की शेंगोळं. तिकडं चुलीवर लसणाच्या सढळ फोडणीचं पाणी खळखळत असतं, त्यात ते एकेक सोडायचं, एकदम ओतायचे नाहीत, नाहीतर चिकटून गोळा होतो. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यानं धुवून तेही त्यातच, म्हणजे रस्सा दाट होतो. शेंगोळं शिजलं की रंग गडद होतो आणि दाबलं तर आत कोरडं पीठ लागत नाही. मग वाटीत काढून वर कच्चं तेल. याच्यासोबत भाकरी लागत नाही. डाळीचं पीठच इथं जेवण आहे. असं जेवण आपल्याकडं होतं, रोजचं नसेल, पण होतं. वरणफळात गहू जास्त, शेंगोळ्यात हुलगा जास्त. शुगरच्या माणसानं दोन्हींत निवड करायची तर शेंगोळे करावेत.

आणि येळवस. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं सगळं गाव रानात जेवायला जातं, शहरातले रस्ते ओस पडतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि मग भज्जी. तुरीचे सोले, हरभऱ्याचे ओले घाटे, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मिळतील त्या पालेभाज्या, चिंच, लसूण, हिरवी मिरची आणि बेसनाचं आळण. सोबत बाजरीचे उंडे, आंबील, धपाटे, तिळाची पोळी. भज्जीची पळी आडवी धरली तरी पडत नाही इतकी ती घट्ट असते. त्या दिवशी वाडग्यात भज्जी जास्त आणि उंडा कमी, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पोषण संस्थेचं तीनाला एक आमच्या रानात वर्षातून एकदा आपोआप साधतं, किंबहुना डाळींचंच पारडं जड होतं. हिवाळाभर तुरीचे सोले आणि हरभरा बाजारात असतात. आठवड्यातून एकदा घरच्या पातेल्यात छोटी भज्जी करायला कुठली अमावस्या लागत नाही. मी करते. गाजर-वांगं घालते, बेसन थोडं जास्त.

सोयाबीनबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं. गेल्या तीसेक वर्षांत आमच्या खरिपातली ज्वारी हटली आणि रानं सोयाबीननं भरली. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचे ढीग लागतात, त्याच्या भावावरून राजकारण होतं, गावातली लग्नं त्याच्या पैशावर ठरतात. शंभर ग्रॅमला छत्तीस-अडतीस ग्रॅम प्रोटीन असलेलं हे दाणं तेलाच्या कारखान्यात जातं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातलं काहीच येत नाही. कारण आहे: त्याला उग्र वास येतो आणि कच्चं तर ते पोटाला बाधतं. त्यातले प्रोटीन पचू न देणारे घटक उष्णतेनं जातात, म्हणून नीट भाजल्याशिवाय किंवा शिजवल्याशिवाय खाऊच नये. पण दहा किलो गव्हात किलोभर चांगलं खमंग भाजलेलं सोयाबीन घालून दळलं तर वास येत नाही आणि चपाती मऊ होते. पीठ एकदम दहा किलो दळू नका, सोयाबीनच्या तेलामुळं लवकर खवट होतं, आठवड्यापुरतं दळा. ज्वारीत घालायचं तर प्रमाण आणखी कमी ठेवा, कारण ज्वारीच्या पिठाला मुळातच बांधणी नसते, भाकरी थापताना कडा फुटतात. थोडं उडदाचं पीठ घातलं तर चिकटपणा येतो.

माळकरी घरांना अंडं चालत नाही, आणि आमच्या भागात माळकरी घरं पुष्कळ. त्यांनी दुधादह्याकडं, दाण्यांकडं आणि डाळींकडं जास्त बघावं. एकादशीच्या साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच; आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाणा खिचडी, बटाटा, रताळं असं सगळं पिष्टच पोटात जातं. भगर आणि दाण्याची आमटी हे उपवासाचं चांगलं जेवण आहे, फक्त आमटी वाटीभर आणि भगर त्याहून कमी, असं घ्यावं. सोबत दही.

जे अंडी-मटण खातात त्यांच्याकडंही रोजच्या ताटात फार येतं असं नाही. मटणाच्या दिवशी ताटात दोन फोडी आणि वाडगं भरून रस्सा. त्यात भाकरी कुस्करायची. त्या दिवशी उलट एखादी भाकरी जास्त जाते. गावाकडं अंगणात कोंबड्या असतात, पण गावरान अंडी बाजाराला जातात, कारण त्याचे रोख पैसे येतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर चांगलं, सहज पचणारं प्रोटीन. दहातली चार घरात ठेवा, मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना सांगते. ऐकतात काही जणी.

आणि त्या आयांनी स्वतः काय खाल्लं, हे मी विचारल्याशिवाय राहत नाही. या सगळ्या विषयातली ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे. घट्ट वरण आधी पुरुषांच्या वाटीत जातं, मग लेकरांच्या. उरलेल्यात पाणी घालून ते सगळ्यांना पुरवलं जातं, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तळाचं पाणी आणि वर शेंगदाण्याची चटणी. चटणी तरी असते, हे त्यातल्या त्यात चांगलं. वीस ग्रॅम दाण्यांच्या कुटात पाच ग्रॅम प्रोटीन असतं, जवस-कारळाच्या चटणीतही बरं असतं. पण तिच्या ताटात दोन भाकऱ्या, चटणी आणि कांदा, एवढंच. तीच बाई दिवसभर खुरपायला जाते किंवा दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर. तिचं हिमोग्लोबिन कमी, पायात गोळे, आणि सगळे म्हणतात अशक्तपणा आहे, सलाईन लावा. सलाईन लावण्याआधी तिच्या वाटीत डाळ वाढा. आमच्याकडं आता वाढायच्या आधीच पाच वाट्या भरून ठेवतात, माझी पण. नंतर कुणाला हवं असेल तर पातेल्यातलं घ्यावं, वाटीतलं नाही.

मुलगा अकरावीत गेला आणि जिमला जायला लागला, तेव्हा त्यानं पावडरच्या डब्याची मागणी केली. दुधापासूनच करतात ते, वाईट काही नाही. पण त्याच्यासमोर मी पन्नास ग्रॅम फुटाणे, दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर म्हशीचं दूध ठेवलं. तिघांचं मिळून तीस ग्रॅमच्या घरात जातं. फुटाण्याचा डबा आता त्याच्या सॅकमध्ये असतो, आणि चारच्या चहाबरोबर बटराऐवजी घरातले बाकीचेही तेच खातात. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधते. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळपर्यंत मोड येतात, हिवाळ्यात दीड दिवस लागतो, गाठोडं डब्यात झाकून ठेवावं लागतं. मोड आणल्यानं पचायला हलकं होतं आणि त्यातलं लोह अंगाला लागायला मदत होते. सकाळच्या सुशीलेत मुरमुरे निम्मे आणि मोडाची वाफवलेली मटकी निम्मी, हे लेकरांना आवडलं. पोह्यांतही चालतं.

वहीतला हिशोब आता असा आहे: धान्य तीस किलोच्या आत, डाळी-कडधान्यं आठ-नऊ किलो, शिवाय अंडी आणि दही. गव्हा-ज्वारीवरचा खर्च कमी झाला, तो डाळीवर गेला. एकूण किराणा वाढलाय, पण बिस्किटं, खारी, फरसाण यांच्यावरचे पैसे वाचले तेही धरले तर फार नाही. आत्यांची तीन महिन्यांची शुगर पूर्वीपेक्षा खाली आहे. त्यात चालण्याचाही वाटा आहे, गोळीचाही आहे, सगळं श्रेय उसळीला देणार नाही.

माझं माहेर निलंग्याकडं. त्याच तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-711 ही पांढरी तूर आमच्या भागात बऱ्याच रानांत दिसते. लातूरच्या डाळमिलांतून निघालेली डाळ देशभर जाते. आणि माझा भाऊ दरवर्षी खळ्यावरूनच सगळी तूर आडतीला घालतो, मग वर्षभर दुकानातून किलो-किलोनं डाळ आणतो. ज्वारीचं तसं नाही. ज्वारी आधी घरापुरती कणगीत, मग उरली तर बाजारात. जो मान ज्वारीला आहे तो तुरीला द्यायला काय हरकत आहे, असं मी त्याला विचारलं. क्विंटलभर तुरीची मिलमधून सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ येते. त्यांच्या सहा माणसांना दीड क्विंटल ठेवली तर वर्षाची बहुतेक तूरडाळ घरची होईल. तो म्हणाला, भाव चांगला असला तर जीव होत नाही गं ठेवायला. ते खरंच आहे, कर्जाचा हप्ता डाळ खात नाही. शेवटी एक क्विंटलवर तडजोड झाली. वहिनीनं ती उन्हात खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरलीय. हुलग्यासाठी बांधाकडची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, ती स्वतः मागून घेणार आहे, आणि हरभऱ्याचं फेब्रुवारीत रास झाली की बोलू, असं ठरलंय.